वांग्याला सुतक नाही, कुत्र्याला आहे

आक्का, तुम्ही गेलात आणि मला भांडायला हक्काचं माणूस राहिलं नाही. तेराव्याची भाड्याची भांडी काल परत गेली. तुमचा सुधीर आज सकाळी चाकणला कामावर गेला. घरात आता हे आणि मी, आणि ओसरीवर तुमची दोन कुत्री, पिल्या आणि चंपी. येणारी-जाणारी माणसं मला सांगतात, "शांत व्हा वहिनी, थोरल्या जाऊबाईंचं सोनं झालं." मी मान हलवते. पण खरं सांगू का, मला रडू कमी येतंय आणि राग जास्त. ज्या गावाने वर्षानुवर्षं तुमच्या मळ्यातली वांगी खाल्ली आणि तुमच्या कुत्र्यांना काठी दाखवली, त्या गावात माणसाचं सोनं कसं होतं ते मला कुणीतरी समजावून सांगा.

मी वालचंदनगरच्या कॉलनीतली. वडील कंपनीत, राहायला क्वार्टर, क्वार्टरला कुंपण, आणि कुत्रं कुंपणाच्या बाहेर. एवढाच माझा त्या जातीशी संबंध. लग्न होऊन आले, उंबऱ्यावरचं माप ओलांडलं आणि पहिलं पाऊल पडलं ते तुमच्या तेव्हाच्या कुत्रीच्या शेपटीवर. ती ओरडली, मी ओरडले, आणि तुम्ही नव्या नवरीला सोडून तिला जवळ घेतलंत. "आगं, नवीन हाय ती. कॉलनीतली हाय. तिला काय कळतंय," असं तुम्ही माझ्यादेखत त्या कुत्रीची समजूत काढलीत. वऱ्हाडातल्या बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. तिथून आपलं जे सुरू झालं ते तुम्ही दवाखान्यात जाईपर्यंत चाललं. मी दूध झाकायची, तुम्ही त्यातलं वाटीभर काढून ओसरीवर ठेवायचात. मी "आहे" म्हणाले की तुम्ही "हाय" म्हणायचात, मुद्दाम, मोठ्याने, मी शिकावं म्हणून. मी काही शिकले नाही.

आणि तुमचं तोंड! बारामतीच्या मार्केट यार्डात क्रेट उतरवले की तुम्ही पदर खोचून उभ्या. आडत्याने वरचं वांगं दाबून "माल जून दिसतोय" म्हणायचा अवकाश, तुम्ही त्याच्या बापजाद्यांना खाली उतरवायचात. "तुझ्या थोबाडापरीस तर कवळी हायती," असं एकदा भर यार्डात म्हणालात आणि हमाल हातातलं पोतं टाकून हसले. तो आडत्या तुमच्या तेराव्याला आला होता. जेवताना हीच गोष्ट सारखी सांगत होता आणि डोळे पुसत होता.

म्हणूनच मला तुमचं एक गणित कधी सुटलं नाही. यार्डात वाघीण असलेली बाई देवळाच्या मंडपापुढे गाय कशी व्हायची? मी जिवंतपणी किती वेळा विचारलं. तुम्ही दर वेळी विषय बदललात. आता बदलून दाखवा.

चंपाषष्ठीची रीत मला तुम्हीच शिकवलीत. खंडोबाचे सहा दिवसांचे घट उठले की माळावरच्या देवळात गावजेवण. रोडगे आणि वांग्याचं भरीत. चार महिने बंद असलेलं वांगं त्या दिवशी पुन्हा पानात यायचं, आणि ते यायचं आपल्या मळ्यातून. पण माणसांच्या आधी पंगत कुत्र्यांची. वस्त्यावस्त्यांवरून लोक आपापली राखणीची कुत्री दोरीला धरून आणायचे, त्यांच्या कपाळाला भंडाऱ्याची हळद लावायचे, रोडग्यावर भरीत घालून पहिला घास त्यांना द्यायचे आणि मग "सदानंदाचा येळकोट" करून स्वतः बसायचे. देव घोड्यावर आहे आणि घोड्याच्या पायाशी कुत्रं आहे, तर त्याच्या जातभाईंना आधी वाढायला नको का, असा साधा हिशेब. पहिल्या वर्षी मी तो प्रकार पाहिला आणि नाकाला पदर लावला. सगळं गाव, सगळी कुत्री, वरून हळद उधळतेय आणि कुणीही कुणावर भुंकत नाही. तुम्ही माझ्या हातात रोडगा कोंबलात. "टाक. चावत न्हाय. आज त्याचा सण हाय, त्याला ठावं हाय." मी लांबून फेकला. तुमच्या कुत्रीने हवेतच झेलला आणि मला, का कोण जाणे, बरं वाटलं.

तुमच्या माहेरी पळसदेवला म्हणे याहून वरताण होतं. उजनी धरणाचं पाणी उतरून जुनं देऊळ उघडं पडलं की तुमचे वडील तिथे दिवा लावायला जायचे, आणि होडीत पुढे कुत्रं बसलेलं असायचं. मासळी घेऊन परत येणाऱ्या होड्यांची वाट काठावर बायकांच्या आधी कुत्री बघायची. हे तुम्ही इतक्या वेळा सांगितलंत की मला पाठ झालं होतं. तरी परवा सुधीर विचारत होता, "आजोबांचं कुत्रं कुठल्या रंगाचं होतं हो काकू?" तेव्हा कळलं, एवढंच तुम्हांला विचारायचं राहून गेलं.

मग गावात सुधारणा आली. माळावर पत्र्याचा मंडप झाला, खाली गालिचा आला, स्टेज आलं, स्टेजवर सोफा आला. समिती झाली आणि विलासराव अध्यक्ष झाले. एका वर्षी पंगतीत दोन कुत्री भांडली, एक लहान मूल भरिताच्या गरम पातेल्यावर पडलं आणि त्याच्या हाताला भाजलं. हे खोटं नव्हे, मीही पाहिलं. लोक घाबरले. पुढच्या वर्षी फाटकावर पाटी लागली, मंडपात पाळीव प्राण्यांना मनाई, हुकमावरून. कुणाच्या हुकमावरून ते लिहिलेलं नव्हतं. पाटीच्या वर खंडोबाचं चित्र, आणि चित्रात घोड्याच्या पायाशी कुत्रं! रंगवणाऱ्याने ते मोठ्या हौसेने काढलं होतं. लाल जीभ, उभे कान. लोक त्या कुत्र्याच्या पाया पडून आत जायचे आणि आपलं कुत्रं घरी बांधून यायचे. कुणालाही हसू आलं नाही. दोन-तीन वर्षांत सगळ्यांनी आणणं सोडलं. राहिलात तुम्ही एकट्या. तुम्ही पाटीच्या अलीकडे थांबायचात, आतून कुणीतरी परातीत चिमूटभर हळद आणून द्यायचं, ती तुम्ही दोघांच्या कपाळाला लावायचात, रस्त्याकडेला घास घालायचात आणि मग आत यायचात. मी म्हणायची, हा अपमान आहे. तुम्ही म्हणायचात, "हळद मिळाली न्हवं?"

गेल्या वर्षीचं मात्र मी तुम्हांला माफ केलेलं नाही. पुण्याहून कुणी बडे पाहुणे आले होते, गाडीतून उतरताना बाईंच्या कडेवर पांढरंशुभ्र केसाळ कुत्रं. त्याला स्वेटर! भर दुपारी, पत्र्याखाली, स्वेटर. ते पाटीखालून आत गेलं, गालिच्यावरून गेलं आणि सोफ्यावर बसलं. विलासरावांनी स्वतःच्या बोटाने त्याच्या कपाळाला हळद लावली आणि पेढा भरवला. सगळी समिती फोटोला उभी राहिली. अहो, मला त्या कुत्र्याचा राग नाही, ते बिचारं गरमीने धापा टाकत होतं. पण तेवढ्यात आपल्या चंपीने त्याला पाहिलं आणि शेपूट हलवत दोन पावलं पुढे टाकली. दोनच. पाटीच्या पलीकडे तिचे पुढचे पाय गेले असतील. समितीच्या बिल्लेवाल्याने काठी हाणली ती तिच्या मागच्या पायावर. तिचं ते केकाटणं ढोलाच्या वर ऐकू आलं. ज्याच्या हाती ससा तो पारधी म्हणतात, इथे ज्याच्या छातीवर बिल्ला तो खंडोबा.

मला वाटलं, आता तुम्ही पदर खोचणार. आता यार्डातलं तोंड उघडणार. मी तर चप्पल हातात घ्यायच्या बेतात होते. तुम्ही काय केलंत? चंपीला उचललंत, गाड्या लावतात तिथे बाभळीखाली जाऊन बसलात, पदरातला रोडगा मोडून दोघांना घातलात आणि उरलेला स्वतः खाल्लात. आत तुमच्याच वांग्यांच्या भरिताच्या पंगतीवर पंगती उठत होत्या. मी तुमच्याशेजारी उभी राहून बिल्लेवाल्याच्या नावाने पुटपुटत होते. "गप गं," तुम्ही म्हणालात, "देवाचा दिस हाय."

घरी येताना वाटभर भांडलो आपण. म्हणजे मी भांडले. मी म्हटलं, "आक्का, बोलायचं होतंत."

"कुनाशी बोलू? ज्याला सांगायचं त्यो घोड्यावर बसलाय. त्याला दिसतंय समदं."

"त्याला दिसून काय उपयोग? काठी विलासरावांच्या माणसाच्या हातात होती. पुढच्या वर्षी एक वांगं द्यायचं नाही."

"वांगी देवाची हायती. इलासची न्हाईत."

"आणि कुत्री कुणाची?"

यावर तुम्ही चंपीला या काखेतून त्या काखेत घेतलंत. "बगू फुडल्या साली," म्हणालात. आणि तुमचं हे पुढचं साल उजाडलं ते असं, की घट बसायच्या आदल्या दिवशी तुम्ही गेलात. भांडण असं अर्धवट सोडून जातं का कुणी, आक्का?

आता ऐका, तुम्ही गेल्यावर काय झालं. हे तुम्हांला सांगणारं दुसरं कुणी नाही, आणि सांगितल्याशिवाय मला अन्न गोड लागणार नाही.

तुमचं सावडणं झालं त्याच दुपारी विलासराव भेटायला आले. टोपी काढून बसले, "बाई म्हंजी गावाची माऊली व्हती," म्हणाले. ह्यांचे डोळे भरून आले, सुधीरचे भरून आले. मीही पदर डोळ्याला लावला, खोटं कशाला बोलू. मग चहा झाला, आणि बशी खाली ठेवता ठेवता त्यांनी घसा खाकरला. "ते वांग्याचं तेवढं... दर सालासारखं. बाईंचा नेम हाय, मोडाय नगो."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "विलासराव, घरात सुतक आहे. देवाला आमच्या हातचं कसं चालेल?"

"आवं वहिनी, वांगी शेतातली हायती. झाडाला कसलं आलंय सुतक?" सगळा विचार करूनच आले होते ते. "तुमी कुणी हात लावू नका. आमची पोरं येऊन तोडून नेतील."

माणूस मेलेल्या घरात बसून माणूस इतका सोयीचा विचार करू शकतो, हे मी पहिल्यांदा पाहिलं. तरी मी रागाला आवर घातला. मनात म्हटलं, आक्कांचं एक काम होतंय तर करून घेऊ. म्हटलं, "बरं. न्या वांगी. आम्ही घरचं कुणी येणार नाही. पण आक्कांचा दुसराही नेम होता. पिल्या आणि चंपीला शेजारच्या सुमनबरोबर पाठवते. यंदा त्यांना पाटीच्या आत घ्या, देवापुढे हळद लावा आणि एक घास द्या. एवढंच."

विलासरावांनी खाली बघितलं. मग ओसरीकडे बघितलं. तुमच्या जाण्यापासून दोघं तुमच्या खाटेखालून हलली नव्हती. आणि मग ते काय म्हणाले माहीत आहे? अगदी गंभीरपणे, एखादा शास्त्री बोलावा तसे. "न्हाय वहिनी, ते चालायचं न्हाय. ती घरातली हायती. बाईंच्या उशाशी झोपायची. घरातल्या समद्यास्नी सुतक लागतं."

आक्का, माझं डोकं जे सणकलं! मी म्हटलं, "विलासराव, गेल्या वर्षी ती जनावरं होती म्हणून बाहेर. यंदा ती घरची माणसं झाली म्हणून बाहेर. वांगं आमच्या मातीतलं, त्याला सुतक नाही. कुत्रं आमच्या ओसरीवरचं, त्याला आहे. आणि त्या स्वेटरवाल्याला कुठलंच काही लागत नाही. एकदा काय ते ठरवा."

"तुमी आता दुख्खात हाय," ते उठत म्हणाले, "म्हणून मी काय बोलत न्हाय."

तोंड दाबून बुक्क्यांचा मार तो हाच. पण मी कॉलनीतली, मला दाबून घेणं जमत नाही. ते चपला घालत होते तेव्हा मी उंबऱ्यातून म्हटलं, "पिल्या-चंपीला सुतक लागलंय ना? मग रीत पुरी करा. सुतकाच्या घरी चूल बंद असते, गावाने भाकरी आणून द्यायची असते. आम्हांला शेजारपाजार आणतोय. त्या दोघांची भाकरी अजून आलेली नाही. चंपाषष्ठीला वाट बघते. आणि जोवर ती येत नाही तोवर वांग्यालाही सुतक आहे, असं समजा."

विलासराव हसले. त्यांना वाटलं मी दुःखाने बरळतेय. फाटकाबाहेर जाऊन ते सोबतच्या माणसाला तसं म्हणालेही.

हे माझ्यावर रागावले. "वहिनी असती तर तिनं वांगी दिली असती," म्हणाले. सुधीरही म्हणाला, "काकू, आईला हे आवडलं नसतं." मला ठाऊक आहे तुम्हांला आवडलं नसतं. तुम्हांला आवडायला मी हे केलंच नाही. मी बायका लावून वांगी तोडली आणि सगळा माल बारामतीला पाठवला. आणि आता हसा, आक्का, कारण मी पण हसले, तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा. चंपाषष्ठीच्या आदल्या दिवशी सुधीर गाडीत पेट्रोल भरायला गेला तर समितीचा टेंपो माळावर माल उतरवत होता. निळे क्रेट, त्यावर तुम्ही सुधीरच्या नावाने पांढऱ्या रंगात काढलेला "सु". यार्डातून आपलीच वांगी विकत घेऊन आले होते. म्हणजे तुमचंच खरं झालं. वांगी देवाची होती, माझ्या नाकावर टिच्चून देवाकडे गेली. सुधीरने सांगितलं तेव्हा मी भिंतीला टेकून इतकी हसले की ह्यांना वाटलं रडतेय, ते पाणी घेऊन आले.

पण दुसऱ्या दिवशी हसू नव्हतं. सकाळपासून माळावरून ढोल ऐकू येत होता. येळकोटाचा गजर झाला, म्हणजे पंगत बसली. मी ओसरीवर बसून होते. दोन रिकाम्या थाळ्या पुढे मांडल्या होत्या, दोघांच्या. रस्त्यावरून माणसं जेवून परत चालली होती. कपाळभर हळद. काही जणींनी आपल्या फाटकाकडे पाहिलं, थाळ्या पाहिल्या आणि चालण्याचा वेग वाढवला. जिच्या पोरीच्या बाळंतपणात तुम्ही सव्वा महिना डिंकाचे लाडू पोचवलेत तीही गेली. गरज सरो आणि वैद्य मरो. मी एकेकीला मनात अशा शिव्या घातल्या की यार्डातल्या तुम्ही शाबासकी दिली असती. पिल्या थाळी हुंगून परत खाटेखाली गेला.

ऊन कलल्यावर एकटी एक बाई आली. हौसाई, विलासरावांची आई. ऐंशीच्या पुढची बाई, काठी टेकत, अनवाणी. पदराखाली फडकं. फाटकातूनच म्हणाली, "देवाचं काय आनलं न्हाय बाई, सुतकात चालत न्हाय. घरच्या तव्यावरची भाकरी हाय आन पिठलं. इलासला ठावं न्हाय." पायरीवर बसली, भाकरी मोडली, पिठल्यात कालवली, आणि दोन्ही थाळ्यांत सारखी वाढली. चंपी लंगडत आली. मग पिल्या आला. मी इतके दिवस घालत होते तेव्हा नुसतं हुंगायची, आणि म्हातारीच्या हातचं मात्र थाळी सरकेपर्यंत चाटून खाल्लं. मला तिच्या पायावर डोकं ठेवावंसं वाटलं, हे लिहून ठेवते. गावातलं एक तरी माणूस तुमचं निघालं.

मी तिला पाणी दिलं. ती प्याली, आणि तोंड पुसत म्हणाली, "तुझी जाऊ कंदी तोंड उगडून बोललीच न्हाय गं. येक डाव म्हनली असती, माज्या कुत्र्यास्नी आत घ्या, तर गाव काय न्हाय म्हनलं असतं?"

झालं. पायावर डोकं ठेवायचं राहिलं. आक्का, तिच्यावर चिडू की तुमच्यावर, मला कळेना. तुम्ही मागितलं नाहीत, हा तुमचा गुन्हा! सगळ्या गावाची ताटं तुमच्या वांग्यांनी भरायची, आणि वर तुम्हीच पदर पसरायचा!

मी म्हटलं, "मावशी, गेल्या वर्षी चंपीला काठी बसली, तेव्हा तुम्ही कुठं होतात?"

"मंडपात."

"दिसलं होतं?"

तिने चंपीच्या मागच्या पायाकडे पाहिलं.

"दिसलं की."

"मग?"

"भरीत खात व्हते," हौसाई म्हणाली.

ती अंधार पडेपर्यंत बसली होती. मी तिला जा म्हटलं नाही आणि बस असंही म्हटलं नाही. आक्का, बाभळीखाली तुम्ही मंडपाकडे पाठ करून बसला होतात. तुम्हांला वाटलं असेल, आपलं घोड्यावरच्या देवालाच काय ते दिसलं. तसं नव्हतं हो. सगळ्यांना दिसलं होतं.